तिसऱ्या हाकेचा फौजदार

भाजीबाजारात तिला सगळे भोंगाबाई म्हणायचे, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटावं असं त्यात होतं तरी काय? सकाळी गाड्या रिकाम्या झाल्या की बटाट्याच्या ढिगाशेजारी खोकं टाकून त्यावर उभं राहायचं आणि भाव पुकारायचा. तो पार फाटकाजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेला पाहिजे, हेच तिचं काम. तिचा बापही लिलावच पुकारायचा. त्यानं अंथरूण धरल्यावर ती खोक्यावर चढली तेव्हा व्यापारी हसले होते. थोड्याच दिवसांत हसणं बंद झालं, कारण तिनं हसायला कुणाला उसंतच ठेवली नाही. आवाज असा, की पोत्यावर झोपलेला हमाल ताडकन उठून पोतं पाठीवर घ्यायचा आणि मग विचारायचा, कुठं टाकू.

घरीही तीच तऱ्हा. नवरा त्याच बाजारात हमालांचा मुकादम. ट्रकवरच्या माणसाशी खालून बोलायचं तर घसा ताणावाच लागतो, आणि घरी आल्यावर घसा काही खुंटीला टांगून ठेवता येत नाही. सासूबाईंचे कान वयानं गेलेले. त्यांना ऐकू यावं म्हणून सगळे ओरडत, आणि आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून त्या ओरडत. दोन खोल्या, मधे लांबट बोळ, टोकाला स्वयंपाकघर. शेजारचा टेलर म्हणायचा की यांच्याकडचं मीठ संपलं की ते आधी गल्लीला कळतं, मग डब्याला.

अशा घरात फौजदार आला. मेंढरं वळणाऱ्या जातीचं कुत्रं, पाठीवर काळं, पायांकडे पिवळसर, कान हे असे उभे. एका व्यापाऱ्यानं पिल्लू हौसेनं घेतलं होतं. ते वाढून घरभर झालं तसा त्याचा जीव मेटाकुटीला आला. कुणाला तरी देऊन टाकतो म्हणाला, आणि भोंगाबाई 'आणा इकडे' म्हणून बसली. लेक लग्न होऊन गेल्यापासून घर तिला खायला उठत होतं, हे ती बोलली नाही. राखणीला बरं, एवढंच म्हणाली.

राखण त्यानं केली, पण घराची नव्हे, घरातल्या माणसांची. सगळे एका खोलीत बसलेले असले की फौजदार निवांत. कुणी उठून दुसरीकडे निघालं की हा मागून जाऊन घोट्याशी तोंड लावायचा आणि त्याला परत कळपात आणायचा. मुकादम स्वयंपाकघरात पाणी प्यायला निघाला की बोळात अडवला जायचा. "माझ्याच घरात मला पास काढावा लागणार," तो ओरडायचा, आणि त्या आवाजानं कुत्र्याला आणखी चेव यायचा. कुणी पळालं तर मग विचारूच नका. एकदा माप घ्यायला आलेला टेलर मोजमापाची पट्टी दुकानात विसरला म्हणून धावत परत निघाला, तर दारातच त्याच्या पँटचा पायचा फौजदाराच्या दातांत. कातडीला धक्का नव्हता, पण पँट गेली. टेलरनं ती स्वतःच रफू केली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत राहिला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं, हे चावरं आहे का. त्यांनी फौजदाराला तपासलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सांगितलं की राग नाही त्याच्यात, कामाची भूक आहे. या जातीला वळायला माणूस नाहीतर मेंढरू लागतं. काम द्या, माया द्या, शिस्त द्या. शिस्त उशिरा दिली तर मात्र आजचं धरणं उद्याचं चावणं होईल.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. जावयाची लांब बदली झाली होती, तिथं घर लागेपर्यंत ती पोरीला घेऊन माहेरी येणार होती. नात नुकतीच चालायची सोडून पळायला लागली होती. भोंगाबाईच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा नात आली आणि लगेच फौजदाराचे दात. मुकादमानं त्याच दिवशी गोदामवाल्याशी बोलणं केलं. त्याला मालाच्या राखणीला असंच थोराड कुत्रं हवं होतं.

गोदाम तिला ठाऊक होतं. पत्र्याची शेड, दाराशी खांब, खांबाला साखळी. आधीचं कुत्रं त्या साखळीला गोल फिरून फिरून येडं झालेलं तिनं बघितलं होतं. माणसांत राहायला जन्मलेलं जनावर तिथं बांधलं तर त्याच्यातलं कुत्रं राहणार नाही, नुसते दात उरतील.

"लेक यायच्या आत मी त्याला माणसात आणते," ती म्हणाली. "नाही आला, तर मीच नेऊन बांधते. तुम्ही दोरीला हातसुद्धा लावू नका."

बायको हट्टाला पेटली की तिच्याशी भाव करण्यात अर्थ नसतो, हे मुकादम बाजारातच शिकला होता.

बाजारात बातमी फुटायला वेळ लागत नाही. कांद्याचा दलाल म्हणाला, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. तिनं बटाटा हातात खेळवत उत्तर दिलं, "शेपूट राहू दे वाकडं. मला दात सरळ करायचेत."

शिकवणी सुरू झाली, म्हणजे आरडाओरडा सुरू झाला. बोळात उभी राहून ती म्हणायची, "बस." मग आणखी चढ्या आवाजात, "बस." मग टिपेला, "बस." तिसऱ्याला फौजदार बसायचा, अगदी आज्ञाधारक, आणि चिकनच्या तुकड्याकडे बघत लाळ गाळायचा. तिला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पहिल्या हाकेला तो कान खाजवायचा, दुसरीला जांभई द्यायचा. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "ह्याचे कान माझ्यासारखेच गेलेत की गं, सूनबाई." पण बाहेर गेटची कडी वाजली तरी हा झोपेतून उठायचा. कान शाबूत होते.

उत्तर सापडलं ते टोमॅटोच्या लिलावात. तिनं पहिला पुकारा दिला. एकही हात वर नाही. एक जण मोबाईल बघतोय, एक दात कोरतोय. दुसरा पुकारा. कोपऱ्यात पोत्यावर बसलेला म्हातारा व्यापारी, बाजारातला सगळ्यात मोठा खरेदीदार, तंबाखूच मळतोय. तिसऱ्याला मात्र आख्खा घोळका जागा झाला. सौदा तिसऱ्या पुकाऱ्याला पक्का होतो, आधीचे दोन नुसते हवेत सोडायचे, हे इथं सगळ्यांना माहीत. म्हाताऱ्यानं तर तोंडही उघडलं नाही, गुडघ्यावरचं एक बोट उचललं आणि माल त्याचा झाला.

भोंगाबाई खोक्यावरच थबकली. म्हणजे चूक कुत्र्याची नव्हतीच. तिनं त्याला गिऱ्हाईक केलं होतं. पहिल्या दोन हाका फुकटच्या, तिसरीच खरी, हे त्यानं तिच्याकडूनच घोटून घेतलं होतं. आणि ती तिसरी हाक येईपर्यंत पळणाऱ्या नातीचा घोटा त्याच्या तोंडात आलेला असणार. "पुढचा ढीग घ्या की बाई," कुणीतरी खालून म्हणालं, तेव्हा ती भानावर आली.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा. शब्द एकदाच, तोही हळू. ऐकलं की तोंडात लगेच तुकडा आणि पाठीवर हात. नाही ऐकलं तर ओरडायचं नाही. दोरी धरून त्याला जागेवर न्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. बोळाच्या कोपऱ्यात तिनं एक जाड गोणपाट घडी करून टाकलं. "गोणीवर" म्हटलं की तिथं जाऊन आडवं व्हायचं, हे त्याचं पहिलं काम. सकाळी बाजाराला निघायच्या आधी ती त्याला रिकाम्या रस्त्यानं दमेपर्यंत फिरवून आणायची. दुपारी घरात बटाटे लपवून ठेवायची आणि तो ते एकेक हुंगून शोधून काढायचा. डोकं दमलं की अंग आपोआप शांत होतं, हे तिला हळूहळू दिसायला लागलं.

पण दिवसभर टिपेला ताणलेला घसा घरी येऊन खाली उतरवायचा म्हणजे उतारावरचा भरला ट्रक थांबवण्यासारखं होतं. शब्द तोंडातून सुटायचा तो बाजाराचाच. मग ती दात आवळून उभी राहायची, थुंकी गिळायची, पुन्हा हळू म्हणायची. कधीकधी चिडून डोळ्यांत पाणी यायचं. हार मानायची तिची जात नव्हती, आणि फौजदाराचीही नव्हती. दोघं एकमेकांना पुरून उरत होते.

सगळ्यात आधी शिकल्या त्या सासूबाई. कानानं जग बंद झालेली बाई हातवाऱ्यांवरच जगत होती. त्यांनी बोट गोणीकडे केलं की फौजदार जायचा, तळहात खाली केला की बसायचा. तो आला तेव्हा 'घरात कुत्रं की मी' म्हणणारी म्हातारी आता तुकड्यांची वाटी मांडीवर घेऊन बसू लागली, आणि सुनेला सांगू लागली की तुझं बोट वाकडं येतं.

पळणाऱ्या माणसाची सवय करायला पळणारं माणूस हवं होतं. टेलर तयार झाला, पण अंगात जुनी पँट घालून. रोज संध्याकाळी तो बोळातून आपलं थुलथुलीत अंग सांभाळत पळायचा आणि भोंगाबाई दोरी धरून फौजदाराला गोणीवर ठेवायची. आधी सावकाश, मग जोरात, मग टेलर ओरडत पळाला तरी. "बायकोनं सांगितलं तेव्हा कधी पळालो नाही," तो धापा टाकत म्हणाला, "आणि इथं कुत्र्यासाठी पळतोय." पुढेपुढे दोरी सैल राहू लागली, मग सुटली.

राहिला मुकादम. तो दारातून यायचा तोच गर्जत, आणि सगळी शिकवणी पाण्यात जायची. एकदा त्याच्या आवाजानं फौजदार गोणीवरून सुटला आणि टेलरची जुनी पँटही गेली. तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि सांगितलं की आता कुत्रं शिकलंय, शिकायचे तुम्ही राहिलात. मुकादमाला ते झोंबलं. आपल्याच घरात आपण कुजबुजायचं? बाहेर ऐकलं तर हमाल काय म्हणतील? ती म्हणाली की हमाल म्हणतील, मुकादमाची नात धड आहे.

पण तो काही बदलला नाही.

लेक आली. भोंगाबाईनं बोळाच्या तोंडाला फळीचं आडं लावलं होतं. पहिले काही दिवस फौजदार पलीकडे, नात अलीकडे. तो फळीखालून नाक घालायचा, ती नाकावर हात ठेवून खिदळायची. मग दोरीला धरून दोघं एका खोलीत. लेक सगळं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण काही सुटत नव्हता. "आई, मला तुझ्यावर विश्वास आहे," ती एकदा म्हणाली, "त्याच्यावर नाही."

आणि मग ती दुपार. फळी बाजूला काढलेली, फौजदार गोणीवर, दोरी नाही. भोंगाबाई त्याच्यापासून दोन हातांवर पालक निवडत बसली होती. नात आजीच्या मांडीवरून सुटली आणि किंचाळत बोळातून पळत सुटली. नेमका त्याच वेळी मुकादम दारात आला. पोर पळतेय, कुत्रं उठतंय, एवढंच त्यानं बघितलं, आणि पोटातून ओरडला.

फौजदार उसळला. भोंगाबाईच्या घशाशी बाजाराचा सगळा आवाज येऊन थांबला. तो सुटला असता तर कुत्रं थांबलं नसतं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळत होतं. तिनं तो गिळला.

"गोणीवर," ती म्हणाली. एकदाच, आणि हळू.

कुत्रं बोळाच्या मधोमध थांबलं. अंग पुढं, मान मागं. पळणारी पावलं त्याला ओढत होती, त्याच्या मांड्या थरथरत होत्या. मुकादमानं दुसऱ्या ओरडण्यासाठी छाती भरली होती. तिनं त्याच्याकडे न बघता तळहात खाली केला, आणि तो तसाच, तोंड उघडं ठेवून, उंबऱ्यावर मटकन बसला. फौजदार वळला. जड पावलांनी गोणीवर गेला, आडवा झाला आणि मोठा सुस्कारा सोडला. ती उठून त्याच्याजवळ गेली, त्याला तुकडा दिला आणि त्याच्या मानेत हात घालून बराच वेळ तशीच बसली.

लेकीनं पोरीला उचलून घेतलं होतं. काही वेळानं तिनं आपलं म्हणणं मांडलं. कुत्रं राहू दे. पण पोर आणि कुत्रं दोघंच कधीच खोलीत नकोत, मोठं माणूस पाहिजे. पोरीलाही शिकवायचं की तो जेवताना, झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. आणि शिकवणी रोज चालूच ठेवायची. भोंगाबाईनं सगळं कबूल केलं. तिनं तसंही ठरवलंच होतं. एका दुपारी जमलं म्हणून जनावर शिकलं असं होत नाही, आणि माणूसही.

संध्याकाळी गोदामवाल्याचा फोन आला, कुत्रं न्यायला माणूस कधी पाठवू विचारायला. मुकादमानं फोन घेतला, गोणीकडे बघितलं आणि बोळातून बाहेर न जाता तिथंच उभा राहून बोलला.

"कुत्रं द्यायचं नाही."

आवाज इतका खाली, की पलीकडच्यानं विचारलं, मुकादम, घरात कुणी आजारी आहे का, आणि परत विचारलं, काय म्हणालात.

मुकादमानं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. फोन ठेवला आणि वाटीतला एक तुकडा उचलून, जरा अवघडतच, गोणीकडे गेला.