सोल्युशन सुकेपर्यंत

आमचा मामा उभ्यानं जेवायचा. ताट चुलीशेजारच्या फळीवर ठेवायचं, दोन घास घ्यायचे, दारापर्यंत जाऊन यायचं, मग पुन्हा दोन घास. आई ओरडायची, "बठ ना रे भो, ताटले काय पाय फुटनात का?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. "मन्हा पाय मन्हं ऐकतस नही, ताई."

खांडबाऱ्याला स्टेशनच्या मागे आमचं घर होतं. वडील रेल्वेत कारकून. मामा आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं आणि कुठल्याही नोकरीत टिकला नव्हता. नंदुरबारच्या जिनिंगमध्ये फिटर होता, मग ट्रकवर क्लीनर झाला, मग जंगलातल्या लाकडाच्या ठेक्यावर हिशेब लिहायला गेला. कंटाळा आला की आमच्याकडे यायचा, आठवडाभर घरातलं सगळं दुरुस्त करायचा आणि दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही की गाडी पकडून जायचा. जाताना सांगायची पद्धत नव्हती. अंगणातली दोरीवरची धोतरं दिसेनाशी झाली की मामा गेला असं समजायचं.

त्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा घरात शांताच्या शाळेचा विषय चालला होता. शांता माझी धाकटी बहीण. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. अक्षरं ती माझ्या पुस्तकावरून घरीच शिकली होती, आता तिला वर्गात बसायचं होतं. वडिलांनी सुताराकडून सागाच्या फळ्यांची चार चाकी ढकलगाडी करून घेतली. चाकं लाकडी, वरून लोखंडी पट्टी. शाळेचा रस्ता सगळा दगडगोट्यांचा. पहिल्याच फेरीत शांता पांढरीफटक होऊन परतली. पाठ धरली होती, बोलताना दात वाजत होते. वडील म्हणाले, "हे रोज जमायचं नाही. जूनपर्यंत काही झालं तर पाहू, नाहीतर घरीच शिकू दे." मामा म्हणाला, "मी खांद्यावर नेतो." शांता म्हणाली, "मी काय धान्यानं पोतं शे का?"

तिथून मामाच्या डोक्यात रबर शिरलं. लोखंडी पट्ट्या त्यानं त्याच दिवशी उपटून काढल्या आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून रुंद पट्ट्या कापल्या. आधी खिळे मारून पाहिले. खिळ्यांची डोकी वर आली आणि रबर फाटलं. मग चिकटवायचं ठरलं. कशानं, हा प्रश्न आमच्या घरात दीड महिना चालला.

पहिला नंबर सरसाचा. सुताराकडून आणलेली वडी मामानं आईच्या चुलीवर शिजवली. तो वास पडद्यांतून पुढच्या अमावस्येपर्यंत गेला नाही, आणि भांडं आईनं उकिरड्यावर फेकलं. रबर मात्र बसलं. मामा अंगणभर नाचला, "आते व्हई गयं!" संध्याकाळी आईनं सडा घातला, ओल्यावरून गाडी फिरली आणि सरस विरघळून पट्ट्या सापासारख्या मागे पडल्या. मग लाख. तापवून लावली तेव्हा दगडासारखी घट्ट झाली, आणि दगडावर आपटताच दगडासारखीच फुटली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मामा थेट मोलगीच्या बाजाराला जाऊन धावड्याचा डिंक घेऊन आला. तो तर लाकडालाही नीट धरेना. उरलेल्या डिंकाचे आईनं भर मे महिन्यात लाडू केले. "चाकले नही ते पोरीले तरी लागू द्या," ती म्हणाली. ते लाडू खाऊन माझा घोळणा फुटला.

शेवटी मामा पंक्चरच्या सोल्युशनवर आला. स्टेशनसमोरच्या सायकलवाल्यानं नळी देताना बजावलं, "दोन्हीकडे लावा आनि सुकू द्या, भाऊ. बोट लावावर चिकटाले नको, तव्हय दाबानं." यात नवीन काही नव्हतं. मामानं स्वतः शेकडो पंक्चरं काढली होती. पण पंक्चरचा ठिपका दोन मिनिटांत सुकतो. कोरडं सागाचं चाक सोल्युशन पिऊन टाकतं. त्याला एक हात देऊन पुरता वाळवायचा, मग दुसरा द्यायचा आणि तोही वाळू द्यायचा. मामा पहिला हात द्यायचा, अंगणात एक फेरी मारायचा, येऊन बोट लावायचा. बोटाला तार यायची. पुन्हा फेरी, पुन्हा बोट. तिसऱ्या फेरीला "बस झालं" म्हणून ओल्यावरच पट्टी दाबायचा. उन्हात गाडी नेली की पट्टी हळूच बाजूला सरकायची. मग तो सोल्युशनला शिव्या द्यायचा, सायकलवाल्याला द्यायचा, खानदेशच्या उन्हाला द्यायचा. तीन नळ्या अशा गेल्या. वडील म्हणाले, "पुरे आता. शाळा उघडायला आठवडा राहिला."

शांता ओट्यावर बसून हे सगळं रोज बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चारही चाकं, पट्ट्या, सोल्युशनची उरलेली एक नळी आणि कानस आपल्यापुढे ओढून घेतली.

"मामा, तू नंदुरबारले जाय."

"कसाले?"

"काही बी आन. बांगड्या आन. पन संध्याकाळनी गाडीमा परत येजो."

मामानं माझ्याकडे पाहिलं. तो गेला. दोनदा वाटेतून परत आला, एकदा पिशवी विसरली म्हणून आणि एकदा काहीच कारण नसताना. शांतानं मान वर केली नाही.

तिनं रबर कानशीनं घासून खरखरीत केलं, लाकूड आणि रबर दोन्हींना पहिला हात दिला आणि बसली. धूळ बसू नये म्हणून मधूनमधून पंख्यानं वारा घालायची, पण बोट लावत नव्हती. जेवणानंतर दुसरा हात दिला आणि पुन्हा बसली. बसणं हे तिचं रोजचंच काम होतं, त्यात तिला कुणी हरवलं नसतं. ऊन ओट्यावरून उतरल्यावर तिनं पट्ट्या बसवल्या, एकेक इंच, अंगठ्यानं दाबत. पट्टी टेकली की पुन्हा हलत नव्हती. मामा बांगड्या घेऊन आला तेव्हा चाकं तयार होती. त्यानं पट्टी नखानं उचकटून पाहिली, दातानं ओढून पाहिली. मग पाणी प्यायला आत गेला.

शाळेच्या गुरुजींनी मात्र एक अट घातली. वाटेत नाल्याचा उतार आहे, मुलीला मधल्या सुट्टीत आतबाहेर करावं लागेल, तेव्हा घरचं मोठं माणूस दिवसभर शाळेत हवं. वडिलांना ड्यूटी, आईला घर. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं, आणि पाहून लगेच नजर काढून घेतली. कारण गाडी तर दुरुस्त झाली होती, आता तो आठवडाभरही राहणार नाही हे प्रत्येकाला माहीत होतं.

पहिल्या दिवशी मामानं गाडी ढकलत नेली. चाकांचा आवाज म्हणून नव्हता. शांताला वर्गात बसवून तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. गुडघा सारखा हलत होता. दर तासाला घंटा झाली की उठायचा. गुरुजी म्हणाले, "बसा हो, ती पोरांसाठी आहे." वर्ग हसला. मामाही हसला आणि बसला. दुसऱ्या दिवशीही आला. पाऊस सुरू झाला, व्हरांड्यात शिंतोडे येऊ लागले, तरी येत राहिला. श्रावण गेला, पोळा गेला. आई रोज सकाळी दोरीवरची धोतरं बघायची आणि चहा टाकायची.

दिवाळीपर्यंत शांताच्या वर्गातल्या दोन थोराड मुली नाल्यावर गाडी धरायला शिकल्या, आणि गुरुजींनी अट मागे घेतली. त्याच आठवड्यात धोतरं गेली. पुढे तो धडगावकडे ठेकेदाराबरोबर होता असं कळलं. काही वर्षांनी तिकडेच हिवतापानं गेला. निरोप आला तेव्हा अग्नीही देऊन झाला होता.

शांता आता पोस्टात नोकरी करते. परवा नातेवाइकांच्या लग्नात मामाचा विषय निघाला. कुणी म्हणालं, "त्यानं आयुष्यात एका जागी बूड टेकलं नाही." मीही मान हलवली, कारण ते खरंच होतं.

शांता ताटावरून वर न बघता म्हणाली, "मी वर्गाच्या खिडकीतून त्याला पावसाळाभर बसलेलं पाहिलंय." आणि तिनं वरण वाढणाऱ्याला हाक मारली.