तांबड्या दगडाच्या पाठीवर

कुठल्याही नव्या जागेत पाऊल टाकलं की उस्ताद आधी खाली वाकायचे. बोटाच्या पेराने फरशीवर टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "भरीव हाय." किंवा, "पोकळ हाय. बसवणारा घाईत होता."

दुबईत, अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी आमटी वाढेपर्यंत स्वयंपाकघरात त्यांची टकटक चाललेली. "मॅडम, सात फरश्या पोकळ हायत. ओट्याजवळ जड भांडा आपटू नका." पुढच्याच महिन्यात ओट्याजवळची एक तडकली. घरमालकाने मला विचारलं, तुम्हाला आधीच कसं कळलं?

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांच्यासोबत लग्नाला जावं, तर ती हॉलचे खांब बघत बसतात.

रास अल खोरमध्ये संगमरवर कापण्याचा आमचा कारखाना. मी ऑफिसात, कारागिरांच्या हजेऱ्या आणि व्हिसाची कामं बघायची. उस्ताद रत्नागिरीकडचे. विशीत इथे आले आणि एका सीरियन कारागिराच्या हाताखाली जडावकाम शिकले, म्हणजे रंगीत दगडांचे तुकडे कापून फरशीत नक्षी बसवायची. इथली अरबी आणि गावची कोकणी यांची मिसळ करून ते सगळ्यांशी बोलायचे. चिनी इंजिनियरलाही "हबीबी, असा नाय, तिरका धर" म्हणायचे आणि त्याला ते समजायचं.

मग कारखान्यात पाण्याच्या धारेने दगड कापणारं मशीन आलं. त्याच सुमारास उस्तादांचा उजवा हात थरथरू लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. सुपरवायझरने ते पाहिलं. नोव्हेंबरात मला कळवण्यात आलं, जानेवारीत यांचा व्हिसा संपतो, पुढे वाढवायचा नाही. सांगायचं काम माझ्यावर आलं.

उस्तादांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "खलास. गावाला तर जायचाच होता." मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही हिवाळ्याच्या सुट्टीत अलेक्झांड्रियाला जाताव ना? मी येऊ? माझा उस्ताद जवानीत तिथे कामाला होता. तिथल्या फरश्यांची लय तारीफ करायचा. तीस वर्षं सुट्टी मिळाली की मी गाव गाठला. एकदा त्या बघतो."

माझ्या नवऱ्याची नोकरी जबल अलीच्या बंदरात. डिसेंबरात रजा मागितली तर तिथे साहेब हसतात. त्यामुळे मी, माझी चौदा वर्षांची सई आणि उस्ताद असे तिघं एका टूरच्या ग्रुपबरोबर निघालो. सई खूश नव्हती. "मम्मा, ही विल नॉक ऑन एव्हरीथिंग," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

अलेक्झांड्रियात समुद्र खवळलेला होता. किनाऱ्याच्या रस्त्यावर लाटांचे तुषार उडत होते आणि दुबईत कधी न घातलेले स्वेटर आम्ही अंगावर घेतले होते. रोमन नाट्यगृहात सगळे फोटो काढत होते, उस्ताद पायऱ्यांवर वाकलेले. गाइड सनावळ्या सांगत होता. उस्ताद मला हळूच म्हणाले, "हा राजाचा नाव सांगतो. मिस्त्रीचा नाव नाय सांगत."

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या वस्तीतून चाललो होतो. दुपारी समुद्रावरचा किल्ला बघायचा होता. सई आठवडाभर त्याचीच वाट बघत होती. एका गल्लीत व्यापाऱ्याची जुनी हवेली दुरुस्त करायचं काम चालू होतं. दार उघडं होतं. आत चौकात बारा टोकांचा मोठा तारा फरशीत जडवलेला, आणि त्याच्या बरोबर मध्ये खड्डा. चार कारागीर त्या खड्ड्याभोवती वैतागून बसले होते. उस्ताद आत गेलेसुद्धा.

"ममनू! ममनू!" एकाने हात आडवा केला. आत यायला मनाई होती. उस्तादांनी सलाम केला, तिथेच उकिडवे बसले आणि विचारलं, काय अडलंय?

त्यांच्यातला म्हातारा मुकादम बोलता झाला. उस्ताद मला मराठीत सांगत होते. गळतीमुळे मधला, बारा टोकांचाच तांबडा तुकडा फुटला होता. नवा दोनदा मशीनवर कापून आणला, दोन्ही वेळा बसेना. एका बाजूला फट, दुसरीकडे अडतो. तसा जुना तांबडा दगड आता मिळत नाही. उरलेल्यातून फार तर दोन तुकडे निघतील.

"बसंल कसा?" उस्ताद मला म्हणाले. "मशीन समजतो बाराही टोका सारखी. हा तारा हाताने केलेला हाय, एक टोक दुसऱ्यासारखा नाय." मग त्यांनी मुकादमाला अरबीत तेच सांगितलं. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि कागद-पेन्सिल पुढे केली.

खड्ड्यावर कागद ठेवून त्यांनी पेन्सिल घासली. कडा उमटल्या. तो कागद दगडावर चिकटवला आणि छिन्नी उचलली. हात थरथरतच होता. मी बघत होते, मुकादमही बघत होता. पंधरा मिनिटांनी टचकन आवाज झाला आणि एक टोक उडालं.

उठा, जाऊ या, असं मला म्हणावंसं वाटलं. उस्तादांनी तुटलेला तुकडा बाजूला ठेवला, मुकादमाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चूक माझी. दुसरा दे."

दुसरा म्हणजे शेवटचा. म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. त्याच्या हाताखालची पोरं त्याला नको नको म्हणत होती. त्याने दगड उचलून उस्तादांच्या हातात दिला.

या वेळी त्यांनी छिन्नी घेतलीच नाही. मोठी कानस दोन पायांत घट्ट दाबून धरली, दोन्ही मनगटं गुडघ्यांना टेकवली आणि कानस स्थिर ठेवून दगड तिच्यावरून फिरवायला लागले. "पाणी घाला, मॅडम. थेंब थेंब." अकरा वर्षं मी त्यांची हजेरी मांडली होती. त्यांचं काम इतक्या जवळून पाहिलं ते त्या दिवशीच.

"मम्मा, द बस इज लीव्हिंग. वी विल मिस द फोर्ट," सई दारातून म्हणाली. मी म्हटलं, तू ग्रुपबरोबर जा. ती गेली नाही. आत येऊन बसली. तासाभराने मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "शश! ही इज ऑन द नाइन्थ वन."

दुपार उलटली. बाहेर पाऊस सुरू झाला. बारावं टोक झालं तेव्हा उस्तादांच्या पँटवर तांबडा चिखल होता आणि बोटांची टोकं सोललेली. तुकडा खड्ड्यावर ठेवून त्यांनी तळहाताने दाबला. तो खाली गेला. फट नाही, अडणं नाही. सईने टाळ्या वाजवल्या. पोरं अरबीत "या उस्ताद!", म्हणजे अहो उस्ताद, म्हणून ओरडली. त्यांना हे नाव कोणी सांगितलं नव्हतं.

मुकादमाने तुकडा परत वर काढला, उलटा केला आणि पेन्सिल दिली. म्हणाला, आमच्याकडे बसवणारा पाठीवर नाव लिहितो. उस्ताद गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी देवनागरीत, एकेक अक्षर दाबून, स्वतःचं नाव लिहिलं. खाली गावाचं.

"बट नोबडी विल सी इट!" सई कळवळून म्हणाली.

"बेटा, कधीतरी कोणाला हा परत उखडावा लागंल. त्याला दिसंल. आणि तो कारागीरच असंल."

चुना पसरला, दगड उलटला, नाव खाली गेलं.

किल्ला राहिलाच. दुबईत परतल्यावर मी कारखान्याच्या साहेबांना फोनवरचा व्हिडिओ दाखवला. ते "व्हेरी नाइस" म्हणाले. व्हिसा काही वाढला नाही. मी चिडले होते. उस्ताद चिडले नव्हते. "त्यांना हात थरथरताना दिसला, ते खोटा नाय. पण मला माझा काम दिसला ना, मॅडम."

जानेवारीत आम्ही त्यांना सोडायला विमानतळावर गेलो. सई शाळा बुडवून आली होती. काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं. काहीतरी काढा, काउंटरवरची मुलगी म्हणाली. छिन्न्या, कानशी, हातोड्या यांतलं काय काढणार? उस्तादांनी शांतपणे बॅगेतले तीन नवे शर्ट काढले आणि सगळ्या रांगेसमोर अंगातल्या शर्टावर एकावर एक चढवायला लागले. तिसऱ्याचं बटण लागेना, तेव्हा तो सईच्या हातात दिला. "पप्पांना दे."

मग तीन कॉलर नीट केल्या आणि नवरदेवासारखे ताठ चालत आत गेले.