रोझमेरीची ओली माती

आमच्या घरात कुणीतरी आहे, असं माझी बायको शेवटची दोन वर्षं म्हणत असे. सुरुवातीला हसत म्हणायची, नंतर नंतर ते हसणं गेलं. कारण तसं साधंच होतं. घरापुढच्या ओट्यावरच्या रोझमेरीच्या कुंडीत ती आठ-आठ दिवस मुद्दाम पाणी घालत नसे, आणि तरीही बोट घालून पाहिलं की माती ओली लागे.

रोझमेरी आमच्याकडे आली ती मुलीमुळे. मुलगी बंगळूरला नोकरी करते. एका दिवाळीला ती येताना सुकलेल्या बारीक काड्यांची पुडी घेऊन आली. सालासकट बटाटे चिरून, लसूण ठेचून तिनं तेलात परतले आणि वरून त्या काड्या टाकल्या. मी म्हटलं, "हे काय, केरसुणी झटकलीस का कढईत?" बायकोनं मात्र एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून उभी राहिली. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली बाई ती. एखादी गोष्ट मनात भरली की हात धुऊन तिच्या मागे लागायची. पुडी संपली तशी हरणी रस्त्यावरच्या नर्सरीतून ती रोपच घेऊन आली.

निजामपुऱ्यातलं आमचं टेनामेंट म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक आणि पुढे ओटा. ओट्यावर चांगलं ऊन येतं ते एकाच कोपऱ्यात, आणि तिथे तुळस. म्हणून रोझमेरीची कुंडी तुळशीच्या शेजारी बसली. सगळं तिथेच बिघडलं, पण हे मला फार उशिरा कळलं.

पहिले काही महिने घरात नुसता रोझमेरीचा धुमाकूळ होता. काचऱ्यांत घातली, फार छान लागली. थालीपिठात चालून गेली. एकदा ढोकळ्याच्या फोडणीत कढीपत्त्याऐवजी पडली, तेव्हा शेजारच्या भाभींनी एक तुकडा खाऊन "सरस छे" म्हटलं आणि दुसरा घेतला नाही. शेंडा खुडला की बायको बोटं पदराला पुसायची नाही, तशीच नाकाशी न्यायची. दिवसभर तिच्या हातांना तो वास असे, कापूर आणि ओलं लाकूड एकत्र ठेवल्यासारखा. मी म्हणायचो, "तुझ्याजवळ बसलं की औषधाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं." ती म्हणायची, "मग नका बसू." आणि हात आणखी जवळ आणायची.

आता तांब्याचं सांगतो. माझे वडील रेल्वेत होते. बदली होऊन बडोद्याला आले आणि इथलेच झाले. त्यांचा एक नेम होता. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घेऊन बाहेर यायचं, सूर्याला अर्घ्य द्यायचं, मग तुळशीला पाणी. तांब्यात जे उरेल ते मोरीत ओतायचं नाही, शेजारी जे झाड असेल त्याला द्यायचं. आमचं नवीन लग्न झालेलं असताना बायकोनं एकदा ते उरलेलं पाणी मोरीत ओतलं, तर वडिलांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वडील गेले आणि तांब्या माझ्या हातात आला. रिफायनरीत पाळ्या करत होतो तेव्हाही मी हा नेम मोडला नाही. आंघोळ, अर्घ्य, तुळस, आणि उरलेलं चूळभर पाणी शेजारच्या कुंडीत.

म्हणजे ते कुणीतरी मीच होतो.

पहिलं रोप पावसाळ्यात गेलं. बुंध्यापासून काळं पडत पडत वरपर्यंत आलं. दुसरं आणलं, त्याचीही तीच गत व्हायला लागली. बायको नर्सरीत जाऊन भांडली. नर्सरीवाला म्हणाला, "बेन, आने पाणी बहु ओछुं आपवानुं. भीनी माटी एने ना गमे." म्हणजे ओल्या मातीत ते टिकत नाही. तिनं घरी येऊन मातीत वाळू मिसळली, मातीची कुंडी आणली, भोकं मोठी करून घेतली, आणि पाणी घालणं जवळजवळ बंद केलं. रोज बोट खुपसून बघायची. रोज ओली.

एका दुपारी जेवताना मुलीचा फोन आला होता, स्पीकरवर. ती ऐकत असतानाच बायकोनं मला विचारलं, "अहो, खरं सांगा. तुम्ही पाणी घालता का रोझमेरीला?"

ती ज्या सुरात विचारत होती तो सूर मी ओळखत होतो. गृहपाठ न केलेल्या पोराला उभं करून विचारायचा सूर. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी कशाला घालू? मला काय करायचंय तुझ्या त्या विलायती झाडाचं?"

पलीकडून मुलगी हसली. बायको म्हणाली, "मग मामंजी येत असतील तांब्या घेऊन." तेव्हा आम्ही तिघंही हसलो.

चूळभर पाण्यानं झाडाला काय होतंय, असं मला मनापासून वाटत होतं, हे खरं आहे. पण मी खोटं बोललो हेही खरं आहे. त्यानंतर चार दिवस मी तांब्या तुळशीतच पालथा केला. पाचव्या दिवशी अर्घ्य देऊन झालं, तुळस झाली, आणि हात आपोआप शेजारच्या कुंडीकडे वळला. मी पाहत होतो. थांबवलं नाही. थांबवलं असतं तर माती सुकली असती, आणि मग पूर्वी कोण घालत होतं ते उघड झालं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस कसला हिशेबी होतो, याची मला आज लाज वाटते.

दुसरं रोपही गेलं. तिसरं आणलं तेव्हा तिनं मला आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. शेवटच्या वेळी तिच्या सुरात बाईंचा धाक राहिला नव्हता. मी हो म्हणावं अशी तिची इच्छा होती, हे मला आता कळतं. मी हो म्हटलं असतं तर ती घरभर आरडाओरडा करून, चार दिवस मला सुनावून मोकळी झाली असती. मी नाही म्हटलं आणि ती गप्प आत गेली. त्यानंतर ती वडिलांच्या फोटोला हार घालताना त्याच्याकडे बघायची नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "मामंजींना हे झाड घरात नको आहे." मी म्हटलं, "शिक्षिका होतीस ना तू? काय हे बोलणं!" ती म्हणाली, "तसं नसेल तर माझ्याच हाताला झाड लागत नाही."

डिसेंबरच्या शेवटी तिला छातीचं दुखणं सुरू झालं. आठ दिवस दवाखान्यात होती. मी तिथेच बाकावर झोपायचो, घरी येत नव्हतो. बोलायची ती थोडंच. एकदा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "त्या रोझमेरीकडे आता तुम्हीच बघा. माझ्या हाताला काही ती जगायची नाही." त्या वेळी सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, ऊन खिडकीतून तिच्या पायांवर पडलं होतं, घाई कसलीच नव्हती. मी म्हटलं, "बघतो." उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यात ती गेली.

मुलगी आली. सुतक लागलं. सुतकात आम्ही देवाला हात लावत नाही आणि तुळशीला पाणीही घालत नाही. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "काका, तुलसीनी चिंता ना करशो. हूं रेडी दईश." मी म्हटलं, "हो, तेवढी तुळस बघा." त्या रोज सकाळी येऊन तुळशीला पाणी घालून जात. माझा तांब्या देवघरात पालथा पडून होता.

उत्तरायण आलं आणि गेलं. चारी बाजूच्या गच्च्यांवर गाणी, आरडाओरडा, आणि आमच्या घरात मुलगी आणि मी समोरासमोर बसून. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून तांब्या घेऊन बाहेर आलो. अर्घ्य दिलं. तुळशीला पाणी घातलं. कुणाच्या तरी कापलेल्या पतंगाचा मांजा रोझमेरीत अडकला होता. तो सोडवायला वाकलो, बोटं पानांतून गेली, आणि तो वास एकदम वर आला. ती पाठीशी येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. मी खरोखर वळून पाहिलं. मागे दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं.

मग झाडाकडे नीट पाहिलं. बुंध्याची काळी साल वाळून सुटली होती, आणि तिच्या वर प्रत्येक काडीला फिकट हिरवे, कोवळे शेंडे फुटले होते. मी मातीत बोट घातलं. कोरडी. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी. दवाखान्याचे आठ दिवस आणि सुतकाचे तेरा, एवढे दिवस त्या कुंडीला माझा हात लागला नव्हता. तांब्यात पाणी उरलं होतं. हात कुंडीकडे निघाला होता. मी तो तसाच धरून किती वेळ उभा राहिलो, मला आठवत नाही.

पुढल्या आठवड्यात भेटायला येणारी माणसं ते झाड बघून हळवी व्हायची. भाभी म्हणाल्या, "एनो जीव आमां ज छे." एक जुन्या बाई, तिच्याच शाळेतल्या, कुंडीला हात जोडून गेल्या. सगळ्यांना त्यात ती दिसत होती. मला मी दिसत होतो. दुपारी खुर्चीत बसलेलो असताना अचानक वास यायचा, मी उठून जायचो, तर सोसायटीतलं मांजर कुंडीला अंग घासून उन्हात पसरलेलं असायचं. हे कळूनही मी पुढल्या वेळी उठून जायचोच.

मुलगी परत निघायच्या आदल्या दिवशी ओट्यावर आली. तिनं कात्रीनं दोन शेंडे कापले, खालची पानं खुडली, ओल्या रुमालात गुंडाळले. म्हणाली, "बंगळूरला लावते. आईचं काहीतरी राहील माझ्याकडे." मग कात्री पुसत तिनं सहज विचारलं, "बाबा, याला रोज पाणी घालायचं ना? तुळशीसारखं?"

मला हो म्हणून सुटता आलं असतं. तिकडे ते रोपही काळं पडलं असतं आणि तीही म्हणाली असती, माझ्या हाताला लागत नाही.

मी म्हटलं, "नाही. रोज पाणी घातलं की मरतं ते. मी घालत होतो. तुझी आई विचारायची तेव्हा मी खोटं बोलायचो."

 मला वाटलं मुलगी चिडेल. तिनं चिडायला हवं होतं. ती ओट्याच्या पायरीवर खाली बसली, रुमाल मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मागच्या सर्वपित्रीला आईनं मला फोन केला होता. आजोबांच्या फोटोपुढे नाक घासून माफी मागितली म्हणाली. लग्न झाल्यावर कधीतरी मोरीत पाणी ओतलं होतं, त्याची. म्हणाली, तेवढा एक राग त्यांचा गेला तर झाड जगेल."

 मुलगी उठून आत गेली, आणि बॅग भरण्याचे आवाज येत राहिले.

बंगळूरची रोझमेरी जगली. मुलगी फोटो पाठवते, रोपाबद्दल बोलते, माझ्याशीही बोलते, पण त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. इथली रोझमेरी आता मोठी झाली आहे. गेल्या थंडीत तिला बारीक निळी फुलंही आली. मी एकटाच बटाटे करतो, दोन काड्या टाकतो, आणि अर्धे उरतात.

तांब्याचा नेम मी मोडलेला नाही. आंघोळ, अर्घ्य, तुळस. मग रोझमेरीच्या मातीत बोट घालून बघतो, ती जिथे घालायची तिथेच. बहुतेक दिवस पाणी लागत नाही. तांब्यात उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, म्हणून ते उभ्या उभ्या मी पिऊन टाकतो. बोटांना वास असतो, त्यामुळे पाण्यालाही तो लागतो.