एक पलंग, एक कपाट आणि आमचं अख्खं घर

घर रिकामं करायला घेतलं की सामान कमी होत जातं आणि किस्से वाढत जातात. महिन्याच्या सुरुवातीला बहरीनमधल्या आमच्या हूऱ्याच्या फ्लॅटमध्ये तीन खोल्या भरून सामान होतं आणि सांगायला काहीच नव्हतं. शेवटी सामान खलास, आणि किस्से एवढे साठले की सांगितल्याशिवाय राहवेना! बरं, किश्शांना विमानात वजन लागत नाही. म्हणून सगळे गावाला आणलेत.

झालं असं, की बाबांच्या कंपनीने फॅमिली फ्लॅट देणं बंद केलं. बाबा शहराबाहेर मआमीरच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. ठरलं काय, तर आई, मी आणि धाकटी पिंकी महाडजवळ आमच्या गावी, आणि बाबा वर्कशॉपशेजारच्या कंपनीच्या खोलीत, सहा जणांत. माझ्या शाळेचं काय, हे कोणी विचारलंच नाही. नववीत दोनदा नापास झाल्यावर शाळेनेही नाही विचारलं.

आईला घोर एकच.

"अहो, त्या खोलीत आहे तरी काय?"

"पलंग आहे. कपाट आहे."

"आणि?"

"आणि पलंगावर मी असेन!"

आईचं म्हणणं, इथला बारा वर्षांचा संसार आहे, घरातलं काहीतरी बरोबर न्या. बाबांचं म्हणणं, "मी फोरमन आहे. सगळ्यांना एक पलंग, एक कपाट, तसंच मला. घरचं लटांबर घेऊन गेलो तर पोरं हसतील." दोघंही हट्टी. मी कोणावर गेलोय विचाराल, तर दोघांवर!

* * *

पहिल्या दिवशी बाबा पलंगाखाली शिरले आणि दूधपावडरचे रिकामे डबे निघायला लागले. निघतायत, निघतायत, संपतच नाहीत. जादूगाराच्या टोपीतून रुमाल निघतात ना, तसं.

"हे सगळे टाकायचे!" बाबा म्हणाले.

"रिकामे नाहीत ते," आई म्हणाली. "आत सामान आहे."

मी सगळ्यात मोठा डबा उघडला. आत मधला डबा. मधला उघडला, आत छोटा. छोटा उघडला, आत नुसती झाकणं.

बाबांनी एक झाकण उचलून उजेडात धरलं. "ह्यांचे डबे कुठायत?"

"ते मागच्या सुट्टीत गावाला वाटले."

"झाकणांशिवाय?"

"अहो, झाकणं दिली असती तर आपल्याकडे काय राहिलं असतं?"

बाबा परत पलंगाखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

* * *

मग बाबांनी वर्कशॉपची पद्धत आणली. हॉलमध्ये तीन ढीग, प्रत्येकावर कागद: 'न्यायचं', 'द्यायचं', 'टाकायचं'. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, दहा सेकंदांत निर्णय, यल्ला, चला, पुढची!

पिंकीने मुंडकं नसलेली बाहुली छातीशी धरली. ती शिकते इंग्लिश स्कूलमध्ये, घरात मराठी ऐकते आणि उत्तर इंग्लिशमध्ये देते. "शी इज नॉट गोइंग एनीव्हेअर!"

"अगं, तिला डोकं नाही."

"सो व्हॉट? दादाला पण नाही. वुई आर टेकिंग हिम!"

पहिल्यांदाच मराठी शब्द वापरला, तोही माझ्यासाठी. बदला घेणं भागच होतं. दुपारी सगळे झोपल्यावर मी 'न्यायचं' आणि 'द्यायचं' हे कागद बदलून टाकले. मला वाटलं, बाहुली जाईल. पण बाहुली पिंकीच्या उशाशी होती, आणि 'न्यायचं'मध्ये बाबांचे नवेकोरे काळे बूट होते.

दुसऱ्या दिवशी बाबा लिफ्टमध्ये शिरले, तर समोर आमचा नातूर. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. त्याने खाली बोट दाखवून कडक सलाम ठोकला. "साब, एकदम फिट!"

बाबांनी त्याच्या पायांकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे. बूट शोधून सापडले नव्हते, म्हणून बाबा चपलेवर निघाले होते. दिलेली वस्तू परत मागणं बाबांच्या स्वभावात नाही. म्हणाले, "पॉलिश करते रहना."

घरी आल्यावर माझ्या पाठीला जे पॉलिश झालं ते वेगळं!

* * *

बाबांच्या बॅगेचा तर रोजचा तमाशा. दाराशी एक निळी बॅग उघडी ठेवलेली, त्यात बाबांचे कपडे. आई मला स्वयंपाकघरात बोलवायची आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी हातात द्यायची. "शर्टांच्या खाली सरकव. आवाज करू नको." मी सरकवायचो. मग बाबा मला गॅलरीत बोलवायचे. "तुझ्या आईने बॅगेत काय घातलंय? काढ आणि गुपचूप फडताळात ठेव." मी ठेवायचो. आईकडून फलाफल सँडविच, बाबांकडूनही फलाफल सँडविच! बरणी, लोकरी मफलर, पितळी तांब्या, सगळे आत-बाहेर फिरले. तांब्या तर दिवसातून दोनदा.

एकदा दोघांनी एकाच वेळी हाक मारली. मी कोणाकडे गेलो? खाली, कोल्ड स्टोअरवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. तिथे सँडविचबरोबर ज्यूसही मिळतो.

* * *

त्याच कोल्ड स्टोअरच्या काचेवर आम्ही चिठ्ठी लावली होती: फॅमिली गावी जात आहे, घरसामान देणे आहे. तिसऱ्या दिवशी एक बहरिनी आजोबा आले. अंगात पायघोळ पांढराशुभ्र थोब, हातात माळ. त्यांना नातवासाठी एक छोटं स्टूल हवं होतं.

आता आमच्याकडे आलेल्या माणसाला आई चहा दिल्याशिवाय सोडत नाही. चहा झाला, कांदेपोहे झाले, परत चहा झाला. आजोबांनी खिशात हात घातला तर आई म्हणाली, "पोह्यांना बसलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे का?" मी आजोबांना खुणेनेच सांगितलं, मफी पैसा, म्हणजे पैसे नकोत. आजोबांनी छातीवर हात ठेवला आणि स्टूल घेऊन गेले.

बाबा खूश. "बघ, एक वस्तू कमी झाली!"

दुसऱ्या दिवशी आजोबा दोन मुलग्यांना घेऊन आले. मुलग्यांच्या खांद्यावर गुंडाळलेला गालिचा. हॉलमध्ये उलगडला तर भिंतीला लागून वर चढला! शिवाय खजुराचा खोका. नाही म्हणायची सोय नाही, आजोबा डोळे वटारतात.

ते गेल्यावर बाबा गालिच्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "आता कोणी स्टूल मागायला आलं तर घरात कोणी नाही म्हणून सांगा."

* * *

'टाकायचं' ढिगाचं काम माझ्याकडे होतं. जळकी इस्त्री, एक चप्पल, मेलेल्या टीव्हीचा रिमोट, कान तुटलेले कप. सगळं एका खोक्यात भरलं. मग मला लहर आली. गावी जाणारे लोक बांधतात तसा मी खोका निळ्या दोरीने आडवा-उभा करकचून बांधला आणि मार्करने मोठ्ठं लिहिलं: 'सावंत, बहरीन टू बॉम्बे, मुक्काम महाड'. आणि ठेवला फाटकाबाहेरच्या कचरापेटीशेजारी. म्हटलं बघू, कोण चोरतो आणि घरी जाऊन उघडल्यावर कसा शिव्या देतो!

दहा मिनिटांत बेल. नातूर, खोका डोक्यावर. "भाभी, आपका सामान नीचे रह गया!"

मी परत नेऊन ठेवला. अर्ध्या तासाने एक पठाण टॅक्सीवाला जिना चढून आला, घामाघूम. मलाच झापलं, "ऐसा रोड पे छोडता है? किसी का कमाई है इसमें!"

तिसऱ्यांदा ठेवला आणि मात्र गेला. मी म्हटलं, सापडला एकदाचा चोर!

पंधरा दिवसांनी गावाहून काकांचं पत्र आलं. आईने मोठ्याने वाचलं.

"वहिनींनी पाठवलेला खोका युसूफभाईंनी घरपोच आणून दिला."

युसूफभाई म्हणजे खालच्या हमीदाचाचींचा भाऊ. तोही महाडचाच, त्याच दुपारी विमानाने निघाला होता. जाणाऱ्याच्या हाती खोका द्यायचा हा इथला रिवाजच. महाडचं नाव लिहिलेला खोका फाटकाशी दिसल्यावर तो बिचारा काय विचारणार?

आई पुढे वाचत होती. "इस्त्री उत्तम. वायर बहुधा दुसऱ्या खोक्यात असेल. चप्पल एकच मिळाली, दुसरी सवडीने पाठवावी, घाई नाही. कप शेजारीपाजारी दाखवून झाले. रिमोट सर्वांना फार आवडला. टीव्ही कधी पाठवताय?"

* * *

शेवटचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची होती. आठवडाभर आईने बॅगेला हात लावला नव्हता. माझी सँडविचं बंद. बाबांना वाटलं, आपण जिंकलो.

सकाळी बाबांच्या नव्या खोलीतले पाचही जण कंपनीची पिकअप घेऊन मदतीला आले. माणगावचा गंगाराम, केरळचा जोसेफ आणि आणखी तिघं. उरलेलं सामान खाली न्यायचं होतं.

आई म्हणाली, "गंगाराम, मिक्सर ने तुला."

"मला कशाला वहिनी? मला चटणी करता येत नाही."

"शिकशील. ने."

जोसेफला आरामखुर्ची. तिसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ. चौथ्याला गोधडी आणि गालिचा. पाचव्याला कुकर आणि पडद्यांची गुंडाळी. कोणी नाही म्हणायला तोंड उघडलं की आईचा एकच शब्द, "ने!"

बाबा तर इतके खूश, की आरामखुर्चीचा एक पाय त्यांनी स्वतः धरून जिन्याने उतरवला. "ले जा, जोसेफ, ले जा!" आणि मला, "बघितलंस, नित्या? पोरांना दिलं की घर कसं पटापट रिकामं होतं!"

दुपारी आम्ही बाबांना सोडायला मआमीरला गेलो. पुरुषांची खोली, म्हणून आई आणि पिंकी खाली टॅक्सीत बसल्या. बॅग घेऊन मी बाबांबरोबर वर गेलो.

बाबांनी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले.

कोपऱ्यातल्या पलंगावर आमची गोधडी. खाली गालिचा, अर्धा पलंगाखाली दुमडलेला. समोर भिंतीवर घड्याळ. खिडकीशी आरामखुर्ची. पाचही जण भिंतीला पाठ लावून ओळीत उभे, शाळेत फळ्यावर चित्र काढून पकडले गेल्यासारखे.

"हे काय रे?" बाबांचा फोरमनचा आवाज.

गंगाराम म्हणाला, "साहेब, मिक्सर माझाय. वहिनींनी मला दिलाय."

जोसेफ म्हणाला, "साब, कुर्सी मेरा है. भाभी बोला, कुर्सी तुम्हारा, लेकिन बैठेगा साब."

कोणी हसलं नाही. बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग जाऊन खुर्चीत बसले. मी बॅग ठेवली आणि खाली पळालो.

आईने टॅक्सीची काच खाली केली. वर काय झालं, बाबा काय म्हणाले, काही विचारलं नाही.

"पडदा खिडकीला पुरला का?"

"थोडा आखूड आहे."

"मग वर जा आणि खुर्ची सरकवायला सांग. ह्यांच्या डोळ्यांवर ऊन येईल."

मी परत वर. सांगितलं. ऊन खरंच डोळ्यांवर आलं होतं. बाबांनी डोळे चोळले, पण खुर्चीतून उठले नाहीत.

"तिला सांग," बाबा म्हणाले, "सरकवली."