अकरावा खडा

कडूआत्याला मी सव्वीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, हे आधीच सांगून टाकते. मनातल्या मनात म्हणजे काय, कधी कधी तोंडावरसुद्धा. मी लंकाबाई. अंगणवाडीत पोरं हाकून हाकून आवाज चढलेला, आणि सासरकडून आलेलं भांडण मी बरी सोडते! आता मात्र सकाळचा पहिला चहा तिच्या ओट्यावर जातो. ती घोट घेऊन म्हणते, "साखर कमी हाय." आणि मी गप्प बसते. गावाला हे अजून पचलेलं नाही.

आमचं गाव जामखेडच्या बाजूला, माळावरचं. पूर्वी ऊसतोडीला न जाणारी माणसं दगडाच्या खाणीत जायची. कातळाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. याला सुरुंग म्हणतात. माझे सासरे सूर्यभान सुरुंग भरायचे. कातळावरून हात फिरवून सांगायचे, कुठून फुटेल ते.

कडूआत्याचं काम मोजायचं. तिचा नवरा, भिमाजी, सुरुंगातच गेला. एक सुरुंग न उडता राहिला होता, कुणी मोजलं नव्हतं, आणि तो खडी गोळा करायला पुढं झाला. तेराव्याचं जेवण उरकलं आणि ही बाई ठेकेदारापुढं जाऊन उभी राहिली. "उद्यापासून मी मोजनार." विचारलं नाही, सांगितलं. जितकी भोकं भरली तितके खडे ती डाव्या मुठीत घ्यायची. टेकाडावर लाल फडक्याची काठी रोवायची. आवाज झाला की एक खडा उजव्या मुठीत. डावी मूठ रिकामी झाली की मगच काठी उपटायची. तोवर ठेकेदारसुद्धा खाणीत उतरायचा नाही.

चाळीस वर्षांपूर्वी एक दिवस अकरा भोकं भरली आणि आवाज दहाच झाले.

सासरे म्हणाले, "दोन बरुबर उडाले. व्हतं कधी कधी."

"मला दोनाचा आवाज कळतो," कडूआत्या म्हणाली. "एक राह्यलाय. पूर्वेच्या कोपऱ्यात."

जाऊन बघावं तर कोपऱ्यावर दगडांचा ढीग कोसळलेला, खाली काय आहे ते दिसेना. दुसऱ्या दिवशी सासरे ढीग उपसायला गेले, तर ही बाई तिथं बाज टाकून बसलेली. तीन दिवस उठली नाही. मजूर बिचकले. शेवटी ठेकेदारानं तो कोपराच सोडून दिला. चांगला दगड नेमका तिथंच! आणि गावभर झालं की सूर्यभानला स्वतःचे सुरुंग मोजता येत नाहीत. सासऱ्यांना ते लागलं. त्यांनी खाण सोडली, कोयता उचलला आणि सासूबाईंना घेऊन ऊसतोडीला निघून गेले. मरेपर्यंत एकच म्हणत होते, दोन बरुबर उडाले. मी लग्न होऊन आले ते हेच ऐकत. या बाईनं माझ्या सासूला धाकट्या दिराच्या वेळी उसाच्या पाचटात बाळंत व्हायला लावलं, असं मला वाटायचं. मग राग का येणार नाही?

पुढं खाण बंद पडली, पाणी साचलं, म्हशी डुंबायला लागल्या.

यंदा वैशाखात ती तळापर्यंत आटली. ग्रामसभेत ठरलं की गाळ काढायचा, पूर्वेचा कोपरा फोडून खाण रुंद करायची, म्हणजे टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायला नको. पोकलेन चालवायला माझा अंगद. माझा एकुलता एक. मला काय फुशारकी चढली होती! म्हटलं, आजोबाचा कोपरा नातू मोकळा करतोय. नारळ मीच फोडला. यंत्राच्या बकेटच्या दातांवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं.

तेवढ्यात कडूआत्या आली. वय ऐंशीच्या पुढं, कानांनी पार गेलेली, कंबर वाकलेली. हातात काठी, काठीला लाल फडकं. पोकलेनपुढं तिनं काठी रोवली आणि खाली बसली.

"अकरावा राह्यलाय," म्हणाली.

लोक हसले. सरपंच कल्याण म्हणाला, "आज्जी, चाळीस वर्सं पान्याखाली हुतं ते. आता काय ऱ्हातंय?" तिला ऐकूच आलं नाही. माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले आणि बोलायचं नाही ते बोलले. "माझ्या सासऱ्याला गावातनं उठवलंस, आता माझ्या पोराच्या मुळावर आलीस व्हय?"

माझे हातवारे तिला कळले असणार. तिनं कमरेची चंची काढली. सुपारी, कात, तंबाखू बाजूला सारून तळाशी बोट घातलं आणि एक काळा खडा काढला. वापरून वापरून तुळतुळीत झालेला. तो डाव्या मुठीत धरून तिनं मूठ माझ्यापुढं केली.

"ह्यो अजून हिकडंच हाय, लंके."

अंगदनं यंत्र बंद केलं. खाली उतरला. "आई, अर्धा दिस थांबलो तर काय बिघडतंय? हातानं बघू की."

खाणीत काम केलेले दोन म्हातारे गावात उरले होते. त्यांनी बाकीच्यांना लांब पिटाळलं आणि एकेक दगड उचलून बाजूला ठेवला. दुपार कलायच्या आत त्यांच्यातला एक जागच्या जागी थिजला. कातळात बोटभर भोक आणि त्यातून लोंबणारी काळी वात. यंत्राचे दात तिथून दोन हातांवर होते, आणि त्यावरचं माझं कुंकू अजून तसंच होतं. मी माझ्या हातानं माझ्या लेकराला तिथं ओवाळून पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी नगरहून पोलिसांचं पथक आलं. त्यांनी भोक तपासून सांगितलं, आतली दारू अजून जिवंत आहे, जागीच उडवायची. अख्खं गाव टेकाडामागं नेलं. कडूआत्या नेहमीच्या जागी, काठी रोवून, मूठ मिटून. मी तिच्या शेजारी बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

धमाका झाला. धूळ उठली आणि खाली बसली. पथकाचे साहेब आत जाऊन बघून आले, म्हणाले, "झालं, आता काही धोका नाही. चला." कुणीच हललं नाही. काल हसलेले, ते पण नाहीत. सरपंचसुद्धा नाही.

"अहो, कशासाठी थांबलात?" साहेबांनी विचारलं.

अंगद म्हणाला, "आज्जीचं फडकं अजून वर हाय, सायब."

मी तिच्याकडं बघितलं. डावी मूठ मिटलेलीच. ती माझ्याकडं वळली, आणि ज्या बाईनं आयुष्यात कुणाला विचारून काही केलं नाही, ती लहान पोरासारखं विचारू लागली, "लंके, वाजला का गं? मला ऐकायला न्हाई आला."

माझ्या सासऱ्यांच्या घरात आता उरलेली मोठी बाई मीच. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अंगणवाडीतला सगळा आवाज काढून ओरडले, "वाजला, आत्या! मी ऐकला! अकरा झाले!"

तिनं मूठ उघडली. खडा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. मग माझ्या खांद्याला धरून उठली आणि काठी उपटली.

"जा रं, अंगद," म्हणाली. "आता जा."