वहिनीच्या मोहरीचं खत

माझा मोठा भाऊ गेला त्या वर्षी वहिनीने भातकापणीनंतर विहिरीजवळच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहानशा खाचरात, मोहरी पेरली. एकटीने केलेलं तिचं हे पहिलं पीक. ते साधलं नाही तर जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची, असं तिने सांगून टाकलं होतं.

कृषी सहायकाने तिला अमोनियम सल्फेट घालायला सांगितलं होतं, कारण मोहरीला नत्राबरोबर गंधकही लागतं. ते आणायचं मी कबूल केलं. मी नोकरीला रोज रत्नागिरीला जातो आणि हातखंब्याचं खताचं दुकान वाटेतच आहे. तरी तीन दिवस विसरलो. चौथ्या दिवशी आमच्या पडवीत भाताचा उरलेला युरिया होता, तोच तिला नेऊन दिला आणि वर म्हणालो, "हे त्याच्यापेक्षा जोरदार असतं." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

रोपं वाढली, पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडून वाटीसारखी वळली. कळ्या धरायच्या सुमारास एका सकाळी गेलो, तर वहिनी बांधावर बसली होती.

"भावजी, माझ्या हातालाच गुण नाही हो. ह्यांनी नुसती काडी खोचली तरी फुटायची. कोणाला द्यायची ती जमीन देऊन टाका."

माझ्याने राहवेना. "वहिनी, तुझ्या हाताचं काही नाही. सांगितलेलं खत मी आणलंच नाही. विसरलो. युरियात गंधक नसतं, हे मला ठाऊक होतं."

तिने वळलेलं एक पान खुडून तळहातावर घेतलं. मग म्हणाली, "महिनाभर मी या झाडांना विचारतेय, बाबांनो, माझं काय चुकलं? आणि तुम्ही रोज येऊन माझ्या हातचा चहा पिऊन जात होतात!"

"हो."

"बिस्किटं बुडवून!" तिने पदराने डोळे पुसले. ती हसत होती की रडत, मला कळलं नाही. "आता उठा. दुकान उघडलं असेल."

मी गोणी आणली. तिने ओळींच्या कडेने खत टाकलं, मी विहिरीचं पाणी सोडलं. आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी आली. उशीर झालाच होता, अर्ध्या शेंगा पोचट निघाल्या. मळणी झाल्यावर वहिनीने मोहरी सुपात घेऊन पाखडली, ओंजळीत घेऊन बघितली. जमिनीचा विषय मीच भीतभीत काढला.

"कोणाला द्यायची नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी दोन कुणगे करू. खत मी आणीन, भावजी. तुम्ही पाणी घाला."