सुजाताचं रॉक आणि काकांचं अर्थिंग

सुजाताच्या बाबांचा, म्हणजे काकांचा, फोन मला कधीच यायचा नाही. काकांकडे माझा नंबर आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी बुटीबोरीला सूतगिरणीत दुपारच्या पाळीवर होतो, कानात कापसाचे बोळे, समोर यंत्रांचा गोंगाट, त्यामुळे तीनदा वाजून गेल्यावर कळलं. बाहेर येऊन लावला. काका म्हणाले, "सुजाता राहिली नाही गा. सकाळी डोक्यातली नस फुटली... तू ये. आणि बाकीच्या पोरांना तूच सांग, मले जमून नाही राहिलं." एवढंच. अडतिसाव्या वर्षी कुणी असं जातं का? मला रडू येण्याआधी तिचा रागच आला. अजूनही येतो.

नागपुरात तिला फार लोक ओळखत असतील असं नाही. ती 'वारूळ' नावाच्या आमच्या बँडची गायिका, गिटारवाली आणि हुकूमशहा होती. मी ड्रमर, म्हणजे हुकूम पाळणारा. आम्ही पेगन रॉक वाजवायचो. लग्नकार्यात कुणी 'काय वाजवता?' विचारलं की मी नुसतं 'रॉक' म्हणून सुटका करून घ्यायचो. सुजाता मात्र समोरच्याची बुंदी गार होईपर्यंत समजावून सांगायची. युरोपात चर्च येण्याआधी लोक झाडं, चंद्र, ऋतू, जमीन यांना मानायचे. आजच्या काळात काही जणांनी ती वाट पुन्हा धरली आणि त्यातल्या काहींनी हातात गिटार घेतली. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर तिने ते पहिल्यांदा ऐकलं, आणि बिघडली ती बिघडलीच.

नागपूरबाहेर वाडीला माझ्या मामाचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. त्यातली मागची खोली रविवारी दुपारी आम्हाला मिळायची. सुरुवातीची गाणी आठवली की आज हसू येतं. बाहेर शेचाळीस डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि ही बाई ओकच्या जंगलातल्या बर्फावर गातेय! त्यातही कहर म्हणजे, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी तिकडे शेकोट्या पेटवून नाचतात म्हणून तिने भर दुपारी गोदामाच्या अंगणात लाकडं पेटवली. गोदामांच्या वस्तीत धूर दिसल्यावर काय होणार? दोन मिनिटांत डझनभर ड्रायव्हर बादल्या घेऊन धावत आले आणि त्यांनी आग, लाकडं आणि आमचा बेसवाला, सगळं एकदमच विझवून टाकलं. एकाने चिंब भिजलेल्या सुजाताला फार काळजीनं विचारलं, "मॅडम, ठंडी लग रही थी क्या?"

ती तिथंच बसून पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. इथं आग काय करायची गा? आपल्याले पाणी पाहिजे." त्या दिवसापासून गाण्यांतला ओक गेला आणि पळस आला, बर्फ गेला आणि मेअखेरचा, नऊ दिवस भाजून काढणारा नवतपा आला. सरावाला सुरुवात करण्याआधी ती एक तांब्या पाणी दाराबाहेरच्या मातीत ओतायला लागली. जमिनीचं आधी, मग आपलं, असं म्हणायची. मला हे सगळं जरा खुळेपणाचं वाटायचं, पण गाणी मात्र तेव्हापासून खरी वाटू लागली, हे कबूल केलं पाहिजे.

घरी तिला हे सोपं नव्हतं. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा रिकामा केला. त्यानंतर त्या घरात देव आला नाही, प्रश्न विचारायची सवय मात्र आली. (आमच्याकडे उलट, देव्हाऱ्यात देवांना बसायला जागा नाही, आणि प्रश्न विचारायची कुणाची टाप नाही.) काका लाइनमन. तारांवर आलेल्या फांद्या छाटण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि मुलगी झाडांवर गाणी म्हणते! एकदा माझ्यादेखतच जुंपली.

"माझ्या बापानं इथले देव सोडले," काका म्हणाले. "तू काहून इंग्लंडचे आणून राहिली वं?"

"देव नाही बाबा, झाड आहे ते. आणि माझं नाव तुम्हीच ठेवलं ना? बुद्धाले खीर देणाऱ्या सुजाताचं? तिनं तरी ती खीर कोणासाठी रांधली होती? झाडासाठीच ना?"

मी चहाचा कप तसाच धरून बसलो. काका शांतपणे म्हणाले, "हो. पण झाडाखाली तिले माणूस भेटला."

त्यानंतर तिने एकच हट्ट धरला... बाबांनी एकदा, फक्त एकदा, सरावाच्या खोलीत आत येऊन बसून गाणं ऐकावं. बाकी कुणी आलं नाही तरी तिला चालणार होतं.

काका आले, पण गाण्यासाठी नाही. माईकला ओठ लागले आणि तिला जोरदार शॉक बसला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पिशवीत पक्कड आणि टेस्टर घेऊन हजर. "अर्थिंगच नाही इथं, मरायचं आहे काय?" म्हणत त्यांनी खोलीमागे स्वतः खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा-मीठ भरलं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग काम करत नाही, रोज नाही तरी आठवड्याला पाणी टाकावंच लागतं. ते काम काकांनी कुणावर सोपवलं नाही. दर रविवारी स्कूटरवर कॅन घेऊन यायचे. सुजाता चिडवायची, "बाबा, तुम्हीही जमिनीले पाणी देऊन राहिले की!" काका म्हणायचे, "करंट जमिनीत जावा म्हणून टाकून राहिलो. पूजा नाही ही." आणि आत न येता मागे निघून जायचे. ती मान खाली घालून गिटार लावायची. तिला लागायचं, हे मला दिसायचं.

तिच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर आठवड्याभराने मी काकांकडे गेलो. चहा झाला. मग ते म्हणाले, "खड्ड्यात पाणी टाकाले किती वेळ लागते गा? पाच मिनिटं. मी तासभर उभा राहायचो तिथं. सगळं ऐकायचो... आत काहून नाही गेलो मी? ऐकलंच नाही असं वाटत असन तिले." तिला माहीत होतं, असं खोटं सांगून टाकावं असं मला वाटलं. पण त्या माणसासमोर खोटं बोलणं मला जमलं नाही.

घरी येऊन मी फोनमधलं सरावाचं रेकॉर्डिंग काढलं. माझे हात कुठे घसरतात ते कळावं म्हणून मी दर रविवारी करायचो आणि पुन्हा सहसा ऐकायचो नाही. शेवटच्या सरावाचं लावलं, त्यात मी स्वतः साफ विसरून गेलेलं एक बोलणं निघालं, आणि दुसऱ्या दिवशी फोन घेऊन पुन्हा काकांकडे गेलो. सुजाताच्या खोलीत तिचा स्पीकर होता. मी आत जाऊन जोडला. काका दारातच उभे राहिले. ती गेल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

एक गाणं संपतं. झांजेचा आवाज विरत जातो, बेसवाला कुणाला तरी शिव्या घालतो. मग सुजाताचा आवाज, जरा धापा टाकत: "बाबा गेले काय गा?"

मग माझा: "नाही. मागं पाणी टाकून राहिले अजून."

"मग पळसाचं घे आणखी एकदा. आणि ते मागचं दार उघड."

दार करकरतं. मी काठ्या आपटून चार मोजतो, आणि ती गायला लागते.

गाणं संपलं तरी काका चौकट धरून तसेच उभे. "ते दाराचं परत लाव," म्हणाले. मी लावलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा दार करकरलं, तेव्हा काकांनी चौकट सोडली, आत आले, तिच्या पलंगाच्या कडेवर बसले, आणि अगदी हळू म्हणाले,

"आलो वं."